दोन कुलपांची खोली

“आई वर आहे ना?”

स्कूटर भिंतीला लावता लावता धाकट्याने विचारलं, आणि जिना उतरणारी थोरली सून मधल्याच पायरीवर थांबली. तिच्या हातात झाकलेलं ताट होतं. सासूबाईंसाठी म्हणून ते ती खाली, धाकट्याच्याच घरात द्यायला निघाली होती.

“वर कशा असतील? या महिन्यात तुमच्याकडे आहेत ना त्या?”

“हो, पण सकाळचं ते सगळं झाल्यावर मी तसाच दुकानात पळालो. मला वाटलं, तुम्ही वर नेलं असेल.”

“मीसुद्धा लगेच ऑफिसला गेले, भाऊजी. मला वाटलं, तुम्ही त्यांना घरात सोडून गेलात.”

‘मला वाटलं’ या दोन शब्दांवर या घरात आजवर पुष्कळ काही ढकललं गेलं होतं. पाण्याची टाकी भरून वाहायची, विजेचं बिल राहायचं, गच्चीचं दार वाऱ्यावर आपटत राहायचं, आणि विचारलं की वरचे म्हणायचे आम्हाला वाटलं खालचे बघतील, खालचे म्हणायचे आम्हाला वाटलं वरचे. माणूस मात्र या दोन शब्दांच्या फटीत पहिल्यांदाच पडलं होतं.

धाकट्याने दार उघडलं. बायको माहेरी गेलेली, आत अंधार होता. सकाळी आईसाठी झाकून ठेवलेलं जेवण ओट्यावर तसंच होतं, झाकणावर आडवा ठेवलेला चमचासुद्धा हलला नव्हता. शेजारी तिच्या गोळ्यांची डबी होती. सकाळचा कप्पा रिकामा होता.

“गोळी घेतलीय तिने,” तो म्हणाला. “साखरेची गोळी घेतलीय, आणि नंतर दिवसभर पोटात काही नाही.”

औषधाच्या दुकानात काउंटरपलीकडे उभा राहून तो रोज लोकांना हेच बजावत असे. गोळी घेऊन उपाशी राहू नका, साखर एकदम उतरते, घाम फुटतो, माणूस बोलता बोलता गप्प होतो. लोक मान डोलवत आणि सुट्टे पैसे मोजत बाहेर पडत. आता ते सगळं त्याला स्वतःच्याच आवाजात ऐकू यायला लागलं.

“घाबरू नका,” थोरली सून म्हणाली आणि स्वतः कठड्याला धरून उभी राहिली. “असतील इथेच कुठेतरी. बेकरीच्या बाकावर बघा आधी. मागच्या वेळी तिथेच सापडल्या होत्या.”

आईकडे कुणाच्याच घराची किल्ली नव्हती. पूर्वी होती. वरची तिने बसमध्ये घालवली, खालची भाजीच्या पिशवीबरोबर कुठेतरी विसरली, आणि नवीन करून दिलेली किल्ली तर बाहेरूनच दाराला लावून ती निवांत आत जाऊन झोपली. थोरल्या सुनेने त्या वेळी कुलूप बदलून घेतलं आणि सांगितलं की आता यांच्या हातात किल्ली द्यायची नाही. धाकट्यानेही मान हलवली. बाबा गेल्यापासून दोन्ही घरांचं एकमत झालेली एवढी एकच गोष्ट. तेव्हापासून आई चुकून बाहेर आली आणि मागे दार लागलं, की कुणीतरी परत येईपर्यंत ती पायरीवर नाहीतर रस्त्यावरच्या बाकावर बसून असे.

*

“आजी? नाही बुवा, आज नाही आल्या,” बेकरीवाला म्हणाला. “आल्या की मी बसवून ठेवतो, तुम्हाला माहीत आहे.”

धाकट्याने स्कूटर वळवली. बागेच्या फाटकापाशी नाही. जिथे पूर्वी बाबांचं दुकान होतं आणि आता मोबाइलचं झालंय, तिथे नाही. बसथांब्यावर पाठमोरी, पांढऱ्या केसांची, आईसारखाच करड्या रंगाचा स्वेटर घातलेली बाई दिसली. स्कूटर तशीच रस्त्यात सोडून तो धावला, “आई” म्हणून तिच्या खांद्याला हात लावला. बाईने वळून पाहिलं. ती दुसरीच कुणाची तरी आई होती. तिने पर्स छातीशी धरली आणि ती बाजूला सरकली.

तो मागे आला, पण स्कूटर चालू करायला त्याचा हात उचलेना. सकाळचं सगळं डोळ्यासमोर यायला लागलं.

बाबा वजनकाट्यांचे कारागीर. अख्ख्या बाजाराचे तराजू त्यांच्याकडे दुरुस्तीला यायचे. घराच्या मागच्या बाजूला त्यांची कामाची खोली होती. आत पितळी वजनं आणि जुने काटे, म्हणून दार लोखंडी, खिडकी नाही, फक्त छताखाली हातभर झरोका. बाबा गेले आणि या खोलीची वाटणी काही केल्या होईना. थोरल्याने तिला आपलं कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी धाकट्याने शेजारी आणखी एक कोयंडा ठोकून घेतला आणि आपलं कुलूप घातलं. तेव्हापासून खोली उघडायची तर दोघांनी दोन किल्ल्या घेऊन यायचं, आणि बंद करताना ज्याने त्याने आपलं कुलूप लावून दुसऱ्याचं ओढून बघायचं. काटेवाल्याचीच मुलं ती. एकाच्या पारड्यात गुंजभर जास्त गेलं तरी दुसऱ्याला झोप लागत नसे.

आज ताईने दोघांना हाताला धरून खोली उघडायला लावली होती. ताई सगळ्यात मोठी, हॉस्पिटलात नर्स, बाहेरगावी राहणारी. दोन दिवस मैत्रिणीकडे उतरली होती ती यासाठीच. खोली रिकामी करू, आणि आई यापुढे कुठे राहील तेही एकदाचं ठरवू, असं तिचं म्हणणं. पण अर्ध्या तासात बोलण्याची गाडी ओरडण्यावर गेली. ताई तणतणत निघून गेली. मग दोघा भावांनी एकमेकांकडे न बघता दार ओढलं.

ताईबरोबर गेली असेल. नक्कीच. एवढा वेळ हे कसं सुचलं नाही, असं म्हणत त्याने फोन लावला.

“ताई, आई तुझ्याबरोबर आलीय ना?”

“माझ्याबरोबर? नाही रे. का?”

“सापडत नाहीये. दिवसभर कुणी बघितलंच नाहीये तिला.”

मग ताई हळू बोलायला लागली. वॉर्डमध्ये वाईट बातमी सांगताना ती असं बोलत असणार.

“मी निघाले तेव्हा होती की. मी तिला सांगूनच निघाले.”

“कुठे होती?”

“आतच. मांडणीच्या मागे, बाबांच्या स्टुलावर. तुमचा तमाशा सहन होईना म्हणून मागे जाऊन बसली होती. मी म्हटलं, निघते गं. तिने नुसती मान हलवली.” तिचा आवाज चढला. “छोट्या, तुम्ही दार लावताना आत बघितलंत ना? अरे बोल ना!”

त्याला दादाचा हात आठवला, दादाचं कुलूप आठवलं, ते ओढून पाहिल्यावर आलेला आवाज आठवला. दादाही त्याचं कुलूप ओढत होता. दोघांच्या नजरा कुलपांवर होत्या. खोली काही त्याला आठवेना.

*

थोरली सून लोखंडी दारापाशी आधीच पोचली होती. धाकट्याने रस्त्यातून फोन केला तेव्हा तिने हातातलं ताट पायरीवर ठेवलं आणि ती अनवाणीच मागच्या बाजूला धावली.

“आई! आई, आत आहात का?”

तिने तळहाताने दार वाजवलं. पत्र्याचा मोठा आवाज झाला आणि विरला. तिने कान लावला. दार दिवसभराच्या उन्हाने अजून गरम होतं. आतून काहीच आलं नाही.

दाराशेजारी, बाहेरच्या भिंतीवर, खोलीच्या दिव्याचं बटण होतं. बाबांनी ते बाहेर का बसवलं होतं देव जाणे. आता ते बंद होतं. सकाळी ते तिनेच बंद केलं होतं. दोघे भाऊ कुलपांशी झटत होते, ऑफिसला उशीर होत होता, तिने जाता जाता सवयीने बोट दाबलं आणि ती जिना चढून गेली. आत बघितलं नाही. बघावंसं वाटलं नाही.

तिने बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. आता लावला तर भाऊजी येऊन विचारतील, दिवा बंद कुणी केला होता? हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच किळस आली. तरी हात पुढे जाईना. पूर्ण दिवस, त्या अंधारात, त्या उकाड्यात. तिला रडू फुटलं.

धाकटा धापा टाकत आला आणि त्याने दारावर मुठी आपटल्या. “आई! ए आई!”

“ओ देत नाहीयेत,” ती म्हणाली. “फोडा भाऊजी दार. हातोडा आणा.”

“हातोडा आत आहे.”

“मग करवत, पहार, काहीतरी!”

“सगळं आतच आहे वहिनी. बाबांची सगळी अवजारं आत आहेत.”

“मग निदान तुमचं कुलूप तरी काढून ठेवा. हे निघालेत गोदामातून, येतीलच एवढ्यात.”

धाकट्याने खिशात हात घातला. घराची, दुकानाची, स्कूटरची किल्ली बाहेर आली. या खोलीची किल्ली तो त्या जुडग्यात ठेवत नसे. दादाने कधी छाप घेऊन दुसरी करून घेतली तर, म्हणून ती वेगळी असायची. कधी चष्म्याच्या घरात, कधी बुटात, कधी दुकानातल्या खोकल्याच्या औषधामागे. सकाळी त्याने ती आणली होती. कुलूप काढलं होतं. मग बोलता बोलता हातवारे करायला दोन्ही हात लागले, तेव्हा त्याने ती...

“मांडणीवर ठेवली,” तो म्हणाला. “लहान तराजूच्या शेजारी.”

“कुठल्या मांडणीवर?”

त्याने दाराकडे बोट केलं. कुलूप खटक्याचं होतं. बंद करायला किल्ली लागत नव्हती, नुसतं दाबलं की झालं.

थोरल्या सुनेने डोळे मिटले. धाकटा तिच्या अगदी जवळ आला, काही फुटलं की लहान मुलाने लपायला यावं तसा. “वहिनी, दादाला आल्या आल्या हे सांगू नका. आधी त्याचं कुलूप निघू दे. नाहीतर तो म्हणेल मी मुद्दाम केलं. अडून बसेल तो.”

एरवी या दिराला तिने फुंकर मारून उडवून लावलं असतं. पण तिच्या डोळ्यांसमोर ते बटण होतं. “नाही सांगत,” ती म्हणाली. दोघांचंही एकेक पाप त्या दाराशी उभं होतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती दोघं एका बाजूला झाली.

*

थोरल्याला भीती वाटली की राग यायचा, आणि आज सगळा रस्ता त्याला राग येत होता. पुढच्या ट्रकवर, सिग्नलवर, गोदामात नवा इलेक्ट्रॉनिक काटा बसवायला आजचाच दिवस देणाऱ्या मालकावर. छोट्यावर तर होताच. पाळी छोट्याची, म्हणजे जबाबदारी छोट्याची. आपला काय संबंध? हे तो हेल्मेटच्या आत मोठ्याने बोलत होता, आणि मोटरसायकलचं हँडल धरलेल्या हातांना घाम सुटला होता.

तो फाटकात शिरला तेव्हा ताईची रिक्षाही येऊन थांबली. ताईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदर खोचून ती सरळ मागे धावली.

“काही ऐकू आलं का? कण्हण्याचा, श्वासाचा, कसला तरी आवाज?”

“काही नाही,” धाकटा म्हणाला.

थोरल्याने किल्ली काढली. ती कुलपात जाईना. तिसऱ्या वेळी ताईने त्याचं मनगट घट्ट धरलं तेव्हा ती गेली. त्याने कुलूप काढून अंगणात भिरकावलं. “आता तुझं. उघड लवकर.”

धाकटा जागचा हलला नाही.

“उघड ना! बघतोस काय?”

“किल्ली आत राहिलीय, दादा.”

थोरल्याचा चेहरा काळवंडला. “आत राहिली? आत? बारा ठिकाणी लपवतोस ती किल्ली, आणि आज बरी आत राहिली! मी आधी माझं कुलूप काढेपर्यंत गप्प बसलास. चांगला आहेस!”

“दादा, आई मरत असेल आत, आणि तुला कुलपाचं पडलंय?”

“मला पडलंय? दुसरा कोयंडा कुणी ठोकला? त्या दिवशी ठोकला नसतास तर आत्ता दार उघडं असतं!”

“पहिलं कुलूप कुणी घातलं होतं?”

“बंद करा!” ताई ओरडली. “लाज नाही वाटत? आईला कोंडून घातलंत दोघांनी मिळून, आणि आता कुणाचं कुलूप आधी याचा न्याय करताय?”

यावर दोघे भाऊ एकदम तिच्याकडे वळले. एकमेकांशी भांडणाऱ्यांना तिसरं माणूस मध्ये आलं की किती चटकन एकी होते!

“तुला माहीत होतं ना ती आत आहे?” थोरला म्हणाला. “मग सांगून का नाही गेलीस?”

“हो ना,” धाकटा म्हणाला. “सहा महिन्यांनी एकदा यायचं, आग लावायची आणि निघून जायचं. सगळ्यात शेवटी आईला तूच बघितलंस.”

“माझी चूक? आई खोलीत बसलीय हेही मी सांगायचं तुम्हाला?” ताईचा आवाज चिरकला. पण शब्द तिला लागले होते. आपण आईला उठवून बाहेर का आणलं नाही? रागाच्या भरात पर्स उचलली आणि निघालो. बरोबर घेऊन गेलो असतो तर मैत्रिणीकडे तिचं सगळं करावं लागलं असतं, हा विचार त्या वेळी मनाला शिवला नव्हता, असं तिला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

“दिवा मी बंद केला,” थोरली सून म्हणाली.

तिघांनीही तिच्याकडे पाहिलं.

“सकाळी मीच बंद केला. आणि मघाशी मला आठवलं, तरी मी लावला नाही. तुम्ही विचाराल म्हणून.” ती रडत नव्हती आता. “काय बोलायचं ते नंतर बोला मला.” तिने बटण दाबलं.

लोखंडी दाराखालून उजेडाची एक बारीक पट्टी बाहेर आली. मग थोरल्याने फोन काढला आणि कोपऱ्यावरच्या वेल्डरला लावला. वेल्डर कामावर गेला होता, ग्राइंडर घेऊन निघतो म्हणाला, वेळ लागेल म्हणाला.

*

तेवढा वेळ आहे की नाही, हे त्या चौघांत फक्त ताईला नीट ठाऊक होतं. साखर उतरलेली माणसं तिने खूप पाहिली होती. आधी ती घाबरतात, मग चिडतात, मग शांत होतात, आणि नातेवाईकांना वाटतं की आता बरं आहे.

ती जमिनीवर पालथी झाली आणि तिने गाल फरशीला टेकवला. फटीतून धूळ दिसली. मांडणीचे लोखंडी पाय, एका काट्याची साखळी, आणि मागे स्टुलाचे लाकडी पाय.

“दिसतंय का काही?” धाकट्याने विचारलं.

“थांब.”

स्टुलाच्या पायांमध्ये आईची पावलं होती. एकात चप्पल होती, एकात नव्हती. पावलं जुळवून ठेवलेली होती, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसावं तशी. ती हलत नव्हती.

“पाय दिसतायत,” ताई म्हणाली. “बसलीय. स्टुलावर बसलीय.”

“हलतायत का?”

ताईने डोळा फटीच्या आणखी जवळ नेला. थोरला मटकन खाली बसला. थोरल्या सुनेने त्याच्या पाठीवर हात ठेवला तर त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

“आई,” ताईने फटीपाशी तोंड नेलं. ओरडली नाही. “आई, मी आहे गं. ताई. मला तुझे पाय दिसतायत. तुझी एक चप्पल निघालीय.”

काहीच नाही.

“तुला चक्कर येतेय का? घाम आलाय? बोलू नकोस, नुसता पाय हलव.”

ताई बघत राहिली. तिचे डोळे धुळीने झोंबायला लागले तरी तिने ते मिटले नाहीत. बऱ्याच वेळाने अनवाणी पावलाचा अंगठा उचलला गेला आणि खाली टेकला.

“हलवला!” ताई म्हणाली, आणि मागे तिघांनाही एकदम हुंदका फुटला. “शाब्बास. आता एक काम कर आई. मांडणीवर लहान तराजू आहे ना, त्याच्या शेजारी किल्ली आहे बघ. ती घे आणि दाराखालून सरकव. जमेल?”

आतून पहिल्यांदाच आवाज आला. इतका बारीक, की ताईला श्वास रोखून ऐकावा लागला.

“मी नाही घेतली.”

“काय गं?”

“किल्ली मी नाही घेतली. मी नाही हरवली.”

बाहेर थोरल्या सुनेने तोंडावर पदर दाबला.

“नाही गं बाई, तू नाही हरवलीस,” ताई म्हणाली. “छोट्याने ठेवलीय तिथे. तो विसरला. तुला कुणी काही म्हणणार नाही. हळू उठ, मांडणीला धरून. घाई नाही अजिबात.”

घाई नाही हे ती कशी बोलली तिचं तिला ठाऊक. पावलं हलली. स्टूल सरकल्याचा आवाज झाला. मग काहीतरी पितळी खाली पडलं आणि घरंगळत गेलं, आणि बाहेर चौघंही जागच्या जागी दचकले. पावलं थांबली. पुन्हा निघाली. फरफटत, थांबत, ती दारापर्यंत आली. मग गुडघा टेकला, मग हात दिसला. ओल्या, थरथरणाऱ्या बोटांनी किल्ली फटीतून पुढे सरकवली आणि हात लगेच मागे गेला, चटका बसल्यासारखा.

घाईत किल्ली दोनदा उलटी घालून मग धाकट्याने कुलूप काढलं. थोरल्याने दार ओढलं.

तेवढ्यात आई पुन्हा स्टुलावर जाऊन बसली होती. आतली गरम, तेलाची आणि गंजाची हवा तोंडावर आली. तिचे केस कपाळाला चिकटले होते, ओठ पांढरे पडले होते, स्वेटर तिने घडी करून मांडीवर ठेवला होता. ताईने थोरल्या सुनेला साखरपाणी आणायला पिटाळलं, आईची नाडी धरली आणि पेला आल्यावर तो तिच्या ओठाला लावला. आई घोट घोट प्यायली. डोळ्यांत थोडं भान आल्यावर ती एकेकाकडे पाहू लागली. कुणाकडे पाहून ती रागावली नाही. तेच सगळ्यात वाईट होतं.

“आई, हाक का नाही मारलीस गं?” थोरल्याने विचारलं. “सकाळी दार लावत होतो तेव्हाच मारायचीस. मघाशी एवढं ओरडत होतो आम्ही, तेव्हा तरी.”

“तुमचं भांडण चाललं होतं,” आई म्हणाली. “आणि सकाळी तूच म्हणालास ना, इथेच टाका हिची खाट, मिटवून टाका एकदाचं. मग दार लागलं. म्हटलं, ठरलं यांचं.”

थोरला म्हणाला होता. तणतणत, ताईला उद्देशून, मनात तसं काही नसताना म्हणाला होता. आता त्याला ते शब्द परत गिळताही येईनात.

“असं कसं ठरवू आम्ही?” धाकटा म्हणाला. “आई, आम्ही तुला... असं वाटलंच कसं तुला?”

“दिवा गेला तेव्हा भीती वाटली,” आई म्हणाली. “खूप वाटली. मग सवय झाली.”

थोरल्याने तिच्यासमोर उकिडवं बसून तिच्या पायात चप्पल सरकवली. “ऊठ आई. वर चल.”

“माझ्याकडे चल,” त्याच क्षणी धाकटा म्हणाला.

आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिने स्टुलाच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या.

“नका रे भांडू,” ती म्हणाली. “मी इथेच बरी आहे. दोन कुलपं आहेत ना हिला. म्हणजे मला जेवायला द्यायचं तरी दोघांना बरोबर यावं लागेल.” मग तिला शंका आल्यासारखं झालं, आणि तिने हळूच विचारलं, “रोज याल ना?”